आमराईतले चतुर: मुळशीतल्या एका मळ्याच्या नोंदी

मामांची पौडच्या पुढे चार एकर जमीन आहे. वरच्या अंगाला आजोबांच्या हातची आमराई. तिच्यात चार फणस, दोन जांभळं, कुंपणाला बांबूची बेटं आणि झाडांखाली हळद, आलं, सुरण. खालच्या अंगाला इंद्रायणी भाताची खाचरं. मधून ओढा जातो, तो जूनमध्ये लागतो आणि जानेवारीत आटतो. मला बघायचं होतं ते एवढंच: झाडांच्या सावलीत शेती असली की चतुर (पाण्याकाठी उडणारे जाळीदार पंखांचे कीटक) आणि टाचण्या (त्यांच्या काडीसारख्या बारीक बहिणी) कमी होतात, वाढतात, की वेगळ्याच येतात? मी कीटकांचा अभ्यासक नाही. कोथरूडला राहतो, हिशेबनिसाची नोकरी करतो, रविवार तेवढा मोकळा असतो. आपल्या शेतावर कुणाला असंच काही मोजायचं असेल तर निदान माझ्या चुका तरी त्यांच्या वाट्याला येऊ नयेत, म्हणून वही उतरवून काढली.

१२ मे २०२४, रविवार

पट्टे आखले. एक खाचराच्या बांधावर, एक आमराईत, एक ओढ्याच्या काठाने. प्रत्येक १०० मीटर लांब, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर. चालायला २० मिनिटं, मागे वळून मोजायचं नाही. दर २५ मीटरला लाल फीत बांधली.

सावली मोजायचं उपकरण विकत मिळतं, पण ते महाग. दुचाकीचा जुना फुगीर आरसा गॅरेजवाल्याकडून ४० रुपयांना घेतला आणि काचेवर लिहायच्या पेनाने त्यावर २४ चौकोन आखले. आरसा छातीशी आडवा धरायचा, प्रत्येक चौकोनाचे मनातल्या मनात चार भाग करायचे आणि ९६ पैकी किती भागांत पानं-फांद्या दिसतात ते मोजायचं. त्याला १.०४ ने गुणलं की झाले टक्के. आमराईत चार ठिकाणी ७८ ते ८९ आले. पहिल्या ठिकाणी आकडा ९६ आला होता. मग लक्षात आलं की माझं डोकंही मी झाड म्हणून मोजतोय.

ओढा कोरडा, खाचरं भेगाळलेली. आज काही दिसणार नाही हे ठाऊक होतं. तरी आंब्याखाली वाळक्या काटकीला लटकलेली लांबट, तपकिरी, जाळीदार पंखांची एक टाचणी दिसली. अंगावर काटा आला. चाळीसेक फोटो काढले. घरी मोठे करून पाहिले तर डोक्यावर टोकाला जाड झालेल्या लांब मिशा! चतुर-टाचण्यांच्या मिशा केसासारख्या बारीक आणि आखूड असतात, सहज दिसतसुद्धा नाहीत. हा निघाला मुंगीसिंह. त्याची पिल्लं त्याच आंब्याखाली भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखे खड्डे करून बसली होती आणि मी त्यांच्यावर उभा राहून फोटो काढत होतो.

१९ मे

चतुरांची पिल्लं पाण्यात वाढतात, पण ओढा उशिरा लागतो आणि खाचरातलं पाणी मामांच्या मर्जीवर. म्हणून दोन सारखी डबकी खणायची ठरवली, एक आंब्याखाली आणि एक बांधाशेजारी उन्हात. माप ३ मीटर बाय २ मीटर, खोली ६० सेंटिमीटर. खालचं डबकं अर्ध्या दिवसात झालं. वरच्याला हातभरावर मुरूम लागला आणि दोन गड्यांचे दोन दिवस गेले. मजुरी माणशी ६०० रुपये रोज. आंब्याची दोन जाड मुळं आडवी आली, ती मामांनी तोडू दिली नाहीत. त्यामुळे वरचं डबकं चौकोनी न होता बाकदार झालं. चतुरांना त्याने काही फरक पडत नाही, माझ्या वहीतल्या आकृतीला पडला.

२६ मे

शेततळ्याचा ५०० मायक्रॉनचा काळा प्लास्टिकचा कागद आणला, ८५ रुपये चौरस मीटर. डबकं ३ बाय २, म्हणून कागद ४ बाय ३ घेतला, दोन तुकडे. अंथरल्यावर कळलं की तळापर्यंत उतरून पुन्हा वर यायलाच दोन्ही बाजू मिळून १ मीटर २० सेंटिमीटर जातात, आणि काठावर मातीखाली दाबायला दोन्हीकडे फूट-फूट लागतो. म्हणजे किमान ४.८ बाय ३.८ हवा. माणूस हिशेबनीस आणि चूक हिशेबाची. पुन्हा पिरंगुटला जाऊन ५ बाय ४ चे दोन तुकडे आणले. २,०४० रुपये गेले ते गेलेच. फुकट गेलेला कागद मामींनी सरपणावर टाकला.

एका कडेला दगड रचून उतार केला. हे विसरू नका, नाहीतर पडलेला सरडा किंवा बेडूक गुळगुळीत कागदावरून वर येऊ शकत नाही. बांबूच्या काटक्या तिरप्या खोवल्या. चतुरांच्या पिल्लांना कात टाकायला पाण्याबाहेर चढावं लागतं, त्यासाठी.

९ जून

आजच पुण्यात मॉन्सून दाखल झाल्याची बातमी. पौडला सकाळपासून भुरभुर, दुपारी झोडपलं. दोन्ही डबकी अर्धी भरली. पट्ट्यांवरच्या फिती बघायला गेलो तर आमराईतल्या आठपैकी सहा गायब. शेजाऱ्यांच्या शेळ्यांना लाल फीत आवडते असं दिसतं. आता खुणा झाडाच्या बुंध्यावर चुन्याने केल्या आहेत.

२३ जून

दोन पावसांमधलं कडक ऊन. खाचरांवर पॅन्टालांचा थवा, मोजता येणार नाहीत इतके. हा पिवळसर चतुर पावसाबरोबर देशभर पसरतो आणि पाऊस सरला की त्यातले कित्येक समुद्रावरून पूर्व आफ्रिकेच्या दिशेने जातात. बसताना क्वचितच दिसतो, सदा उडता. त्यामुळे २० मिनिटांत तोच चतुर तीनदा मोजला गेला की तीन वेगळे मोजले, हे कळायला मार्ग नाही. त्यांच्यासाठी वहीत वेगळा रकाना केला: ‘०–१०, १०–५०, ५०च्या वर’. नेमक्या आकड्याचा आव आणण्यापेक्षा हे बरं.

जेवायला घरी आलो तर अंगणात गंमत. सरपणावरच्या काळ्या कागदावर पॅन्टालाची जोडी शेपूट आपटत होती. पुन्हा पुन्हा, एकाच जागी. पाणी नव्हतंच तिथे. जवळ जाऊन पाहिलं तर कागदावर बारीक पिवळसर दाणे, अंडी. चतुर पाणी ओळखतात ते त्याच्या पृष्ठावरून परतणाऱ्या, एका दिशेने कंपणाऱ्या प्रकाशावरून. काळा चकचकीत कागद, डांबरी रस्ता, गाडीचं बॉनेट यांवरून तसाच प्रकाश परततो आणि ते फसतात. मामी म्हणाल्या, “तुज्यासारखीच फसली म्हणायची. कागद बघून.”

कागदावर माती टाकून तो मळका केला. अंडी गेली, पण पुढची तरी वाचतील.

तेव्हाच सुचायला हवं होतं: उघड्यावरचं डबकं आकाशाखाली लखलखतं, आंब्याखालचं अंधारं. वरून उडणाऱ्या चतुराला दुसरं पाणी असं दिसतच नसणार. ते सुचायला ऑगस्ट उजाडला.

३० जून

पालख्या पुण्यात, निम्मे रस्ते बंद. गेलो नाही.

१४ जुलै

सात तारखेला गेलो होतो, पावसाने एकही पट्टा चालता आला नाही. आज उघडीप मिळाली. १० ते १२ या वेळात तिन्ही पट्टे झाले. खाचर: ९ जाती, ओढा: ५, आमराई: २, आणि त्या दोन्ही खाचरातल्याच. आमराईत २० मिनिटांत एकूण तीन जीव. घरी येऊन वहीत ठळक लिहिलं, ‘सावलीत चतुर नाहीत’. ते वाक्य आता खोडलं आहे, पण वाचता येईल असं ठेवलंय.

सात तारखेची खेप पावसामुळे वाया. एका खेपेला पेट्रोल आणि चहा-वडापाव धरून साडेतीनशे रुपये जातात. पावसात चतुर उडत नाहीत, आणि ढगाळ हवेतले आकडे उन्हातल्या आकड्यांशेजारी मांडता येत नाहीत. आता शनिवारी रात्री मामांना फोन करून ‘आभाळ कसंय’ विचारतो आणि मगच निघतो. मामांचं उत्तर ठरलेलं: “आभाळ वरच हाय.”

२८ जुलै

गुरुवारी, २५ तारखेला, पुण्यात काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. सिंहगड रस्त्याला लोकांच्या घरांत पाणी शिरलं, ताम्हिणीला एका दिवसात साडेपाचशे मिलिमीटरच्या वर पाऊस. आमच्याकडे ओढा बांधावरून गेला. खालच्या डबक्यात वीतभर गाळ, कागद एका बाजूने उचकटलेला. दिवसभर घमेल्याने गाळ काढला. वरच्या अंगाला आडवा चर खणला, तो खरं म्हणजे मेमध्येच खणायला हवा होता. गाळाबरोबर आधीची पिल्लंही गेली असणार. म्हणजे खालच्या डबक्याची नोंद आजपासून नव्याने.

आंब्याखालच्या डबक्याला धक्का नाही. मुळांनी माती धरून ठेवली. मामांनी मुळं तोडू दिली नव्हती, याची आठवण त्यांनी दोनदा करून दिली.

११ ऑगस्ट

आवणी संपून भात फुटव्यावर आलाय. खाचरात न्यूरोथेमिस तुलिया आले आहेत. नराच्या पंखांवर काळा-पांढरा पट्टा, उडताना फुलपाखरासारखा फडफडतो. मादीचे पंख पिवळट-तपकिरी. मागच्या दोन फेऱ्यांत या दोघांना मी दोन जाती धरलं होतं. क्रोकोथेमिसचंही तेच, नर मिरचीसारखा लाल, मादी हळदीची. ऑर्थेट्रममध्ये कोवळा नर मादीसारखा दिसतो आणि वय झाल्यावर त्याच्यावर राखाडी-निळी झाक चढते. जुन्या नोंदी तपासल्यावर खाचराच्या ९ जातींच्या ६ झाल्या. फोनमधलं ओळख सांगणारं ॲप फोटो चांगला असेल तर बरं काम करतं, पण मादी दाखवली की तेही अडखळतं. आता नियम असा: पंखांचा वरून एक आणि अंगाचा बाजूने एक, असे दोन फोटो झाल्याशिवाय नाव लिहायचं नाही. नाव नसेल तर ‘लाल, लहान, अनोळखी’ एवढंच लिहायचं.

शेजारच्या खाचरात तुडतुड्यांसाठी फवारणी झाली होती. बांधाचा तेवढा तुकडा आज रिकामा. तसा शेरा मारला आहे.

२५ ऑगस्ट

आजचा दिवस सगळ्यात कामाचा, आणि तोही पंक्चरमुळे.

सकाळची फेरी नेहमीसारखी. आमराईत चार जीव. निघताना मागचं चाक बसलेलं. गावातला पंक्चरवाला दहीहंडीच्या तयारीत, म्हणाला पाचनंतर ये. दुपार आमराईत खाटेवर काढली. बारा ते दोनच्या दरम्यान झाडांमधून कवडसे खाली उतरले आणि प्रत्येक मोठ्या कवडशात कुणी ना कुणी येऊन बसलं. न्यूरोथेमिस फुल्व्हिया, विटकरी पंखांचा. लॅथ्रेसिस्टा, काळपट छाती आणि रक्तासारखं लाल पोट. कवडसा सरकला की तेही हातभर सरकायचे. लहान अंगाच्या चतुराला उडायला ऊब लागते आणि सावलीत ऊब कवडशातच मिळते. मी सकाळी दहाला यायचो तेव्हा आमराईच्या जमिनीवर ऊन पोचलेलंच नसायचं.

चाक घेऊन परत आलो तेव्हा सव्वासहा. अंधार पडेपर्यंत थांबलो. झुंजूरका जसा सकाळचा, तसा संध्याकाळचा तो अर्धा तास. डबक्यावर थोलिमिस तिलार्गा: अंधारात अंग दिसत नाही, मागच्या पंखांवरचे पांढरे ठिपके तेवढे लुकलुकत जातात. झायक्सोमा, पाण्याला जवळजवळ चिकटून, इतका वेगवान की फोटो नाहीच. आणि हळदीच्या वाफ्यांवरून झाडांच्या बुंध्यांमधून जाणारा मोठा, तपकिरी, मोठ्या डोळ्यांचा गायनाकॅन्था, डास-चिलटं टिपत. हे चतुर दिवसा झुडपाच्या अंधारात उभे लटकून असतात आणि दिवेलागणीला निघतात.

मी खाचराच्या घड्याळाने आमराई मोजत होतो. चार महिन्यांचे आकडे त्या वेळेपुरते खरे, आमराईपुरते नव्हेत.

आजपासून आमराईच्या तीन फेऱ्या: दहाला, साडेबाराला आणि सूर्यास्ताआधी पाव तास ते नंतर पाऊण तास. घरी पोचायला रात्रीचे साडेनऊ. चांदणी चौकात अर्धा तास गाडी हलली नाही. बायको काय म्हणाली ते या वहीत नको.

८ सप्टेंबर

घरी गणपती, जाणं नाही. पण काम थांबलं नाही, कारण मामींनी कात गोळा करायचं अंगावर घेतलं. रोज सकाळी सातला दोन्ही डबक्यांच्या काटक्या बघायच्या, चिकटलेली रिकामी कात अलगद काढून लोणच्याच्या बरणीत ठेवायची, तारखेची चिठ्ठी टाकायची. पावसाने कात धुऊन जाते आणि मुंग्याही नेतात, म्हणून रोजच बघावं लागतं. ओळख सोपी आहे: टाचणीची कात काडीसारखी, शेवटी तीन पानांसारखे कल्ले. चतुराची जाड, शेवटी लहान काटे.

उडता चतुर दिसला म्हणजे तो तिथे जन्मला असं होत नाही, तो पाहुणाही असेल. कात सापडली तर मात्र तिथलाच.

१५ सप्टेंबर

मामींच्या बरण्या पाहिल्या. खालच्या डबक्याच्या २३ काती, बहुतेक पॅन्टालाच्या. २८ जुलैला गाळ काढला तेव्हापासून धरलं तर पहिली कात सहा आठवड्यांनी. बरोबर जुळतं, डबकं आटायच्या आत मोठं व्हायचं, म्हणून याची पिल्लं दीड-दोन महिन्यांत पंख काढतात.

वरच्या डबक्याची बरणी रिकामी.

सावलीतलं पाणी थंड, तळाला आंब्याची पानं, पाणी चहासारखं, काठी घातली तर वास. सगळं सावलीवर ढकलून मोकळा झालो. पानं कुजताना पाण्यातला प्राणवायू खातात वगैरे दोन परिच्छेद लिहूनही टाकले.

२२ सप्टेंबर

वरच्या डबक्यातली पानं काढायला चाळण घातली आणि चाळणीत मासे आले. गप्पी. वीस-पंचवीस.

मामी म्हणाल्या, “डास व्हतील म्हणून सोडलेत. डेंगीचं किती ऐकतोय सध्या.” ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात सोडले होते. खालच्यात का नाही? “ते घरापासून लांब हाय की.” चूक त्यांची नाही, मी विचारलंच नव्हतं. गप्पी डासांच्या अळ्या खातात तशी चतुर-टाचण्यांची लहान पिल्लंही खातात. म्हणजे माझ्या दोन सारख्या डबक्यांमध्ये फरक फक्त सावलीचा नव्हताच. लिहिलेले परिच्छेद फाडले.

मासे बादलीत घेऊन घरामागच्या विहिरीत सोडले. ओढ्यात सोडू नका, तिथल्या पिल्लांचं वाटोळं होईल. मामींना शब्द दिला की डबक्यात डासांच्या अळ्या दिसल्या तर मी स्वतः डबकं उपसेन. चतुराची पिल्लंही डासांच्या अळ्याच खातात हे सांगून पाहिलं. “बघू,” म्हणाल्या.

पानांचा प्रश्न मात्र खराच होता. त्याला दोन उपाय केले. दर रविवारी चाळणीने पानं काढायची, पण सगळी नाही, मूठभर ठेवायची, कारण पिल्लं त्यांच्याखाली लपतात. आणि दक्षिणेकडची एक फांदी उतरवायची. फांदीवरून मामांशी वाटाघाटी अर्धा तास चालल्या. शेवटी “जी औंदा मोहरली न्हाई तीच काप” यावर मिटलं. आरशाने पुन्हा मोजलं: डबक्यावर ८६ टक्क्यांच्या जागी ७१. दुपारी दीड-पावणेदोन तास ऊन थेट पाण्यावर पडतं. काठाला ओढ्यातला लव्हाळा आणि वेखंड लावला, कारण टाचण्या अंडी वनस्पतीच्या देठात खुपसून घालतात. नुसत्या प्लास्टिकवर त्यांचं काम होत नाही.

१३ ऑक्टोबर

दसऱ्याचा दुसरा दिवस. भात पोटरीतून बाहेर पडून पिवळा होतोय.

वरच्या डबक्याच्या वेखंडावर कोपेरा मार्जिनिपेसची जोडी, पिवळ्या पायांची. नराने मादीची मान धरलेली, मादी देठात अंडी घालतेय. फांदी उतरवल्यापासून तीन आठवड्यांत.

आमराईच्या दुपारच्या फेरीत आज ३१ जीव. त्यात २२ माद्या किंवा चकचकीत पंखांची नुकती उडायला लागलेली पोरं, आणि बहुतेक खाचरातल्याच जातींची. खाचरात याच्या उलट, जिकडे बघावं तिकडे नर. नर पाण्याजवळ जागा धरून बसतात आणि येणाऱ्या प्रत्येक मादीच्या मागे लागतात. माद्या अंडी घालण्यापुरत्या पाण्यावर येतात आणि उरलेला दिवस झाडाझुडपांत काढतात. मामी ऐकत होत्या. म्हणाल्या, “म्हंजी माहेराला येत्यात.”

यामुळे माझ्या रकान्यांची पुन्हा मोडतोड. आता प्रत्येक नोंदीपुढे नर, मादी, कोवळा असं लिहितो. सुरुवातीपासून लिहायला हवं होतं. जून ते सप्टेंबरच्या नोंदींत ते फोटोंवरून जमेल तेवढं भरलं, निम्म्याच्या वर रिकामं राहिलं.

एक उपयोगी गोष्ट. आमराईत मोठ्या कोळ्यांची सोनेरी जाळी आहेत. त्यांत अडकलेले पंख तपासा. आज एका जाळ्यात जो पंख मिळाला तो चतुर मी आमराईत एकदाही पाहिलेला नव्हता: ट्रॅमिया, मागच्या पंखाच्या मुळाशी लाल डाग. कोळी चोवीस तास मोजतो, मी महिन्यातून दोनदा.

२७ ऑक्टोबर

तब्येत बरी नव्हती, खेप बुडाली.

१० नोव्हेंबर

भातकापणी झाली. खाचरं कोरडी, गवतावर डिप्लाकोडेस तेवढे. खाचर: ४ जाती. आमराई: ९. आमराई पुढे गेली ती आज पहिल्यांदाच, आणि सावलीत काही वाढलं म्हणून नव्हे, खाचर रिकामं झालं म्हणून.

ओढ्याच्या आमराईतून जाणाऱ्या तुकड्यावर व्हेस्टालिस, धातूसारखी हिरवी टाचणी. उन्हातल्या तुकड्यावर ती एकदाही नाही, तिथे दगडांवर ट्रिथेमिस फेस्टिव्हा. ओढा एकच, अंतर साठ मीटर. हा फरक वर्षभरातला सगळ्यात स्वच्छ, आणि त्याला ना घड्याळाची चूक कारण आहे ना माशांची.

वाटेत कुणीतरी विचारलं, कर्नाटकातल्या कोडगूच्या (कूर्गच्या) कॉफीमळ्यांत असं मोजलंय का? तिथली गोष्ट निराळी आहे. एकरामागून एकर सावली, आणि तीही आता बऱ्याच ठिकाणी सिल्व्हर ओकची. इथे दीड एकराची आमराई, चारी बाजूंनी उघडं रान. आमच्या आमराईचे निम्मे चतुर शेजारच्या खाचरामुळे आहेत. खाचर नसतं तर नुसत्या आमराईत काय दिसलं असतं, ते माझ्या नोंदींवरून काढता येणार नाही.

२४ नोव्हेंबर

वरच्या डबक्याच्या बरणीत चार काती. तिन्ही कल्ले शाबूत असलेली एकच, पण चारही टाचण्यांच्या. मासे काढल्यापासून नऊ आठवडे. मामींनी चिठ्ठीवर तारखेखाली लिहिलंय, ‘डास न्हाईत’.

८ डिसेंबर

आतापर्यंतचा खर्च. कागद ५,४४० (पैकी २,०४० फुकट), मजुरी ३,०००, आरसा-चुना-चाळण-पेनं २१०, १७ खेपांचे सुमारे ६,०००. एकूण साडेचौदा हजारांच्या थोडं वर. पुन्हा करायचं झालं तर डबक्यांच्या आधी एक पूर्ण वर्ष नुसतं चालेन, सकाळ-दुपार-संध्याकाळ. ते जवळजवळ फुकट आहे आणि सगळ्यात जास्त कळलं ते त्यातूनच.

जाती एकूण २६, त्यातल्या तीन फक्त प्रजातीपर्यंत (जातीच्या वरच्या गटापर्यंत) ओळखल्या. फक्त खाचरात ८, फक्त आमराईत किंवा तिच्यातल्या ओढ्यावर ७, बाकीच्या दोन्हीकडे. गोठ्याजवळच्या सिमेंटच्या हौदावर ब्रॅडिनोपायगा बसतो, सिमेंटच्याच रंगाचा, पाणी प्यायला आलेल्या बैलालाही न हलणारा. तो कुठल्याच पट्ट्यात येत नसल्यामुळे या २६ मध्ये नाही. यावरून मामा नाराज आहेत.

खालचं डबकं तळाला गेलंय. वरच्यात अजून दीड वीत पाणी आहे. संध्याकाळच्या फेरीत कुणी नाही, थंडी पडलीय.

निघताना बांबूच्या बेटात वाळक्या काटकीला काहीतरी लांबट, तपकिरी, पंख अर्धवट उघडे ठेवून लटकलेलं दिसलं. आधी मिशा बघितल्या. दिसल्याच नाहीत. लेस्टेस. ही टाचणी कोरडे महिने अशीच काढते, पाण्यापासून लांब, वाळक्या काडीच्या रंगाची होऊन, पुढच्या पावसाची वाट बघत. काटकीला चुन्याचा ठिपका लावला. मामांना सांगितलं, हे बेट मेपर्यंत तोडू नका. म्हणाले, मांडवाला दोन बांबू लागतील, ते पलीकडच्या अंगाने काढतो.